लॅव्हेंडरची वाळलेली फुलं: उकळू नका, झाकून ठेवा

लॅव्हेंडरबद्दलचे चार प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: मुलीनं पुण्याहून लॅव्हेंडरच्या वाळलेल्या फुलांचं 100 ग्रॅमचं पाकीट पाठवलं. झोप लागेल, चहात टाक म्हणाली. दोन चमचे फुलं दुधाच्या चहात चांगली उकळली, तर चहा कडू आणि साबणासारखा लागला. काय चुकलं? (हिंगणघाट)

उत्तर: माप चुकलं आणि उकळीही चुकली. या फुलाचा सगळा जीव त्यातल्या उडणाऱ्या तेलात असतो. उघड्या पातेल्यात खळाखळा उकळलं की ते तेल वाफेबरोबर घरभर पसरतं आणि कपात कडवटपणा तेवढा राहतो. साबणासारखी चव येते ती फुलं जास्त पडल्यामुळे.

पाणी आधी उकळा, गॅस बंद करा आणि मगच फुलं टाका. एका कपाला, म्हणजे 150 मिलीलीटर पाण्याला, 1 ते 2 ग्रॅम फुलं हे युरोपातलं रूढ माप आहे. पहिल्यांदा अर्धाच लहान चमचा घ्या, तोही सपाट. लगेच ताटली झाका आणि दहा मिनिटं हात लावू नका. ताटली उचलताना तिच्या आतल्या बाजूला थेंब लटकलेले दिसतील. वाफेबरोबर वर गेलेलं तेल त्यातच असतं, म्हणून ते झटकून टाकू नका, ताटली तिरपी करून कपातच उतरवा. मग गाळा. दूध घालू नका, हवा तर मध किंवा खडीसाखर चालेल. झोपायच्या अर्धा तास आधी घ्या.

त्याआधी पाकीट नीट वाचा. खोलीत वाटीत ठेवायच्या फुलांवर वरून सुगंध मारलेला असतो, ती पोटात जाता कामा नयेत. चिमूटभर फुलं थंड पाण्यात टाकून बघा. पाणी लगेच गडद जांभळं झालं तर फुलं रंगवलेली आहेत.

झोपेचं म्हणाल, तर युरोपच्या औषध नियामक संस्थेनं या फुलाला सौम्य मानसिक ताण आणि झोपेसाठी मान्यता दिली आहे, पण ती दीर्घकाळच्या पारंपरिक वापराच्या आधारावर. तेव्हा याला झोपेच्या गोळीच्या पंगतीला बसवू नका. आणि गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही एकत्र घेऊ नका, गुंगी वाढू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तसंच 12 वर्षांखालच्या मुलांनी हा काढा टाळावा.

प्रश्न: कापसाला कंटाळलो. एक एकर लॅव्हेंडर लावा, रोपं आम्ही देतो, असं एक जण म्हणतो. लावू का? (पुसद)

उत्तर: नका लावू. भारतात हे पीक रुजलं ते जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या थंड डोंगरउतारांवर, सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून, म्हणजे सुगंधी पिकांच्या योजनेतून. तिथं हिवाळ्यात बर्फ पडतं आणि उतारावर पाणी थांबत नाही. आपल्या वावरात नेमकं उलट आहे. काळी जमीन आषाढ-श्रावणात पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात आणि झाड खालून काळं पडत वर मरत जातं. त्यातून एखादं वाचलं तर मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन आहेच. चिखलदऱ्याला हवा थंड असते, पण पावसाळा तिथंही आडवा येतो.

हौसच असेल तर ऑक्टोबरात मातीच्या कुंडीत एक-दोन रोपं लावा. निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू-खडी घ्या, कुंडीचं भोक मोकळं ठेवा, पाणी वरची दोन बोटं माती सुकल्यावरच द्या. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली सरकवा.

सुगंधी पीकच हवं असेल तर तिखाडीची चौकशी करा. तिलाच रोशा गवत म्हणतात. हे आपल्याच भागातलं गवत आहे. त्याचं तेल गुलाबाच्या वासाच्या इतकं जवळ जातं की पूर्वी गुलाबाच्या तेलात त्याची भेसळ चालायची! मात्र तेल काढायची भट्टी जवळपास कुठं आहे आणि माल कोण उचलतो, हे रोपं घ्यायच्या आधी पक्कं करा.

प्रश्न: कपड्यांच्या पेटीत फुलांची पुरचुंडी ठेवली, दोन महिन्यांत वास गेला. आणि हीच फुलं गव्हाच्या कोठीत टाकली तर किडे जातील का? (अचलपूर)

उत्तर: वास बहुतेक गेलेला नाही, कळीत अडकून बसला आहे. पुरचुंडी तळहातावर धरून दोन-तीनदा चोळा, कळ्या फुटून वास सुटतो. दर महिन्याला असं करा. जुन्या धोतराचा वीतभर तुकडा घ्या, त्यात 25-30 ग्रॅम फुलं सैलसर बांधा. प्लास्टिकमध्ये नको, घट्टही नको. चोळूनही वास आला नाही तर फुलं बदला.

लोकरीला लागणारी कसर या वासानं दूर राहते, पण आधीच आत असलेली अंडी-अळ्या मरत नाहीत. म्हणून शाल-स्वेटर आधी धुऊन उन्हात कडक वाळवा, मगच पेटीत ठेवा. वाळ्याच्या मुळ्यांची जुडीही कपड्यांना छान वास देते आणि उन्हाळ्यात कूलरला वाळा लावणाऱ्यांच्या घरी ती असतेच.

गव्हात मात्र नको, पोळीला वास लागेल. गहू दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवा आणि सावलीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घाला. ओला पाला घातला तर उलट बुरशी येते.

प्रश्न: युनानी दुकानात मिळणारं उस्तुखुद्दूस म्हणजे लॅव्हेंडरच का? (बाळापूर)

उत्तर: त्याच कुळातलं, पण वेगळं झाड. त्यात कापराचा अंश जास्त असतो, म्हणून वास उग्र येतो. वर दिलेलं चहाचं माप त्याला लावू नका. शिवाय या नावाखाली दुकानात कधी कधी दुसरीच वनस्पती मिळते. हकिमांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.