वाचकांचे प्रश्न : दुःखात निर्माणकर्त्याला हाक मारताना

प्रश्न : ‘आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या प्रभो’ अशीच मी प्रार्थनेला सुरुवात करते. लांबलेल्या आजारपणात मात्र हे शब्द पोकळ वाटू लागलेत. एवढ्या सृष्टीच्या धन्याला माझ्या मणक्याचं काय?

उत्तर : शब्द चुकीचे नाहीत, पण आत्ता तुम्हाला दुसरे हवेत. बायबलमध्ये निर्माणकर्त्याला दोन तऱ्हांनी हाक मारलेली दिसते : ‘तू आकाश-पृथ्वी केलीस’ आणि ‘तू मला घडवलंस’. पहिली बहुतेकदा समोर कुणी बलाढ्य उभा ठाकला की येते. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा (अ‍ॅसिरियाचा) राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून आला, तेव्हा तिथला राजा हिज्कीया याने त्याचं धमकीचं पत्र मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरलं आणि आकाश-पृथ्वीच्या कर्त्याला साद घातली (२ राजे १९:१४-१९). धमकावणारा कितीही मोठा असो, तोही निर्माण केलेलाच. अश्शूरच्या राजांनी देशोदेशी उजाड केले हेही हिज्कीया लपवत नाही, सरळ कबूल करतो.

शरीर खचतं, माणूस एकटा पडतो तेव्हा दुसरी हाक कामी येते. तिच्यात हक्क बोलतो : मी तुझ्या हातचं काम आहे, अर्ध्यावर टाकू नकोस. स्तोत्रसंहिता या बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या संग्रहातल्या स्तोत्र १३८ चं शेवटचं, आठवं वचन हेच मागतं. संकटांनी आणि आजाराने पिचलेला ईयोब (ईयोब १०:८-१२) तर कातडी, मांस, हाडं, स्नायू असं एकेक नाव घेत देवाला विचारतो की, एवढ्या निगुतीनं घडवून आता मला धुळीला मिळवणार का?

त्याच वळणावर तुमची प्रार्थना बांधा. आधी साधी हाक, एका ओळीची. मग तक्रार, जागा आणि वेळ सांगून : ‘रात्री तीनला कळ उठते, कूस बदलता येत नाही.’ त्यानंतर आधार : ‘हा मणका तूच घडवलास.’ मग मागणं, आणि तेही एकच. दहा गोष्टी मागितल्या की मन यादीतच अडकतं. शेवटी भरवशाचं एखादं वाक्य.

नेमकी तक्रारच लोक गाळतात, आणि पोकळपणा येतो तो बहुधा तिथूनच. मंदिराच्या विध्वंसावरचं स्तोत्र ७४ पाहा. एकूण २३ वचनं. त्यातली पहिली अकरा जवळजवळ सगळी गाऱ्हाणंच आहेत. समुद्र दुभागणारा, दिवस-रात्र आणि ऋतू ठरवणारा देव त्यानंतर, १२ ते १७ मध्ये येतो, आणि उरलेल्या सहांत पुन्हा विनवणी. भरवशाचं वाक्य ओठांवर येत नसेल तर ओढूनताणून आणू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे.

प्रश्न : कर्त्याशी वाद घालणाऱ्याला धिक्कार असो, असं यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात (४५:९) म्हटलंय. मग असं गाऱ्हाणं मांडणं पाप नाही का?

उत्तर : संदर्भ पाहा. त्या अध्यायात देव कोरेश या परक्या, पारसाच्या (इराणच्या) राजाच्या हातून आपल्या लोकांना सोडवणार आहे. वचनाचा रोख आहे तो ही रीतच नाकारणाऱ्यांवर. त्याच ग्रंथात पुढे (६४:८-९) लोक त्याच वचनातला माती-कुंभाराचा दाखला देऊन विनवतात : आम्ही माती, तू कुंभार, फार रागावू नकोस, आमच्याकडे पाहा. कुंभाराला ‘तुला काही कळत नाही’ म्हणणं वेगळं आणि ‘माझ्यावरचा हात काढू नकोस’ म्हणणं वेगळं. ईयोब तर कडवट बोलला, प्रसंगी अति बोलला. त्याबद्दल देवाने त्याला खडसावलंही. तरी शेवटी (४२:७) देव ईयोबाला उपदेश करायला आलेल्या अलीफजवर आणि त्याच्या दोन मित्रांवर रागावतो, कारण ते ईयोबासारखं यथार्थ बोलले नव्हते.

प्रश्न : आमचं बाळ जन्मतः आजारी आहे. ‘देवाने त्याला अद्भुत रीतीने घडवलं’ असं सगळे म्हणतात. मग हा आजारही त्यानेच घडवला का?

उत्तर : ‘अद्भुत रीतीने घडवलं’ हे शब्द स्तोत्र १३९ मधले, आणि ते आजाराचं कारण सांगायला लिहिलेलं नाही. येणारे ते स्पष्टीकरण म्हणून ऐकवतात, हा त्यांचा उतावळेपणा. ईयोबालाही ‘का’ याचं उत्तर मिळालं नाही; ३८ ते ४१ या अध्यायांत देव समुद्र, तारे, रानगाढव, शहामृग यांच्याबद्दल बोलतो, त्याच्या आजाराबद्दल एक शब्द नाही. तुम्हीही कारण शोधण्याची सक्ती स्वतःवर करू नका. ‘हे बाळ आमच्याआधी तुझं आहे, तूच त्याला सांभाळ’ एवढंच म्हणा. हवं तर ‘असं का केलंस’ हेही विचारा. डॉक्टरांनी सांगितलेले उपचार चालूच ठेवा. ते थांबवणं हा विश्वासाचा पुरावा नव्हे.

प्रश्न : आजाऱ्याला भेटायला गेल्यावर काय वाचावं?

उत्तर : आठ वचनांचं स्तोत्र १२१ पुरे. दुखण्यात लक्ष टिकत नाही. एवढंही जड जात असेल तर पहिली दोनच वचनं वाचा, सावकाश, दोनदा. विश्वाच्या पसाऱ्यापुढे तुझं दुःख किती लहान, हे मात्र चुकूनही बोलू नका. प्रार्थना दोन मिनिटांत आटपा आणि त्याआधी विचारा, ‘काय मागू?’ पुष्कळदा उत्तर बरं होण्याचं नसतं. झोप लागावी, एवढंच असतं. मग तेवढंच मागा.