सासू-सासऱ्यांना घेऊन युरोपला जाताना म्युझियम ठेवावीत की गाळावीत?

प्रश्न असा आहे: सासू-सासऱ्यांबरोबर अकरा दिवस, पाच शहरं, त्यातले दोन दिवस स्टॉकहोम. ज्येष्ठांना म्युझियममध्ये कंटाळा येतो, तर ती गाळून बोटीची फेरी आणि खरेदी ठेवावी का?

मी अडुसष्ट वर्षांची आहे. दोन्ही गुडघे कुरकुरतात. आणि स्टॉकहोमच्या वासा म्युझियममधून, म्हणजे वासा नावाचं बुडालेलं स्वीडिश जहाज वर काढून ठेवलंय तिथून, 2019 साली मला मुलाने हाताला धरून बाहेर आणलं, कारण दारं बंद व्हायची वेळ झाली होती. तेव्हा कंटाळ्याचं खापर वयावर फोडू नका.

मुलगा तेव्हा तिकडे नोकरीला होता. आम्ही दोघं, माझे थोरले दीर आणि जाऊबाई असे चौघे गेलो होतो. भाऊजींचं मत स्पष्ट होतं, "तरंगणारी जहाजं भाऊच्या धक्क्यावर फुकट दिसतात, बुडालेलं बघायला पैसे कसले द्यायचे?" सगळे हसले, मीही हसले. मला तरी काय माहीत होतं म्हणा. मुलाने तिकिटं आधीच काढली होती म्हणून गेलो इतकंच.

आत अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत काही कळत नाही, आणि मग ते अख्खं जहाज एकदम अंगावर येतं. 69 मीटर लांब, काळंकुट्ट, नखशिखांत कोरीवकाम केलेलं. प्रतिकृती नाही हो, जवळजवळ सगळं मूळचंच लाकूड. 10 ऑगस्ट 1628 ला हे जहाज पहिल्या सफरीला निघालं आणि जेमतेम 1300 मीटर जाऊन, बंदरातच, लोक काठावरून बघत असताना बुडालं. वादळ नाही, शत्रू नाही. वाऱ्याच्या एका झोताने कललं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. 64 तोफा, वरचा भार अफाट आणि तळाशी वजन अपुरं. बाल्टिकचं पाणी कमी खारट, त्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, म्हणून ते 333 वर्षं टिकलं. 1961 मध्ये वर काढलं आणि आक्रसून फुटू नये म्हणून 17 वर्षं त्यावर रसायन फवारत बसले. आपल्या कोकणच्या समुद्रात इतकं लाकूड उरलंच नसतं.

पण मी अडकले ती एका काचेपुढे. जहाजात सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या आहेत, चार. त्यातल्या दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या. दोन अ‍ॅमस्टरडॅम फुटाच्या, अकरा इंचांच्या. म्हणजे एकाच जहाजावर दोन तऱ्हेचे सुतार, जो तो आपल्या पट्टीने मापात बरोबर! आणि आता मोजून पाहिलं तर जहाजाची एक बाजू दुसरीसारखी नाही. बुडण्याचं मुख्य कारण वरचा भार, पट्ट्या नव्हेत, हे मलाही कळतं. तरी मी तिथून हलेना.

कारण सांगते. 1984 साली मी भोसरीच्या एका कारखान्यात ट्रेसर होते, म्हणजे ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवून हुबेहूब नक्कल काढणारी. नोकरी भाऊजींनीच लावून दिलेली, ते तिथेच स्टोअरला होते. परदेशातून आलेलं एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग माझ्याकडे ट्रेसिंगला आलं. वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल; एकीत उजवीकडे काढतात ती बाजू दुसरीत डावीकडे येते. हे थर्ड अँगलमध्ये काढलेलं, पण तसं सांगणारं चिन्ह शीटवर कुठेच नव्हतं. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे माल बनतो त्या विभागात, सगळे फर्स्ट अँगल वाचायचे. मी साहेबांना विचारलं, "चिन्ह घालू का?" ते म्हणाले, "आहे तसं काढ, डोकं चालवू नकोस." मी आहे तसं काढलं. त्याची अमोनिया प्रिंट, म्हणजे ट्रेसिंगवरून काढलेली प्रत, शॉपवर गेली आणि चाळीस ब्रॅकेट उलट्या हाताची बनून आली. डावं उजवं झालं. मेमो कुणाला मिळाला? ट्रेसरला.

ड्रॉइंग काढणारा बरोबर, वाचणारा बरोबर, ट्रेस करणारी बरोबर, आणि माल भंगारात. भाऊजींनी मात्र त्या दिवसापासून घरात एकच पालुपद धरलं, "हिच्यापायी मला मान खाली घालावी लागली." मुंजीत म्हणाले, बारशात म्हणाले, माझ्या मुलाच्या लग्नात व्याह्यांसमोर म्हणाले. पस्तीस वर्षं.

त्या काचेपासून चार पावलांवर पुढची गोष्ट वाचली. जहाज निघण्याआधी त्याची चाचणी घेतली होती. तीस माणसं डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत एकत्र पळवली. तीन फेऱ्यांत जहाज इतकं डोलायला लागलं की अ‍ॅडमिरल फ्लेमिंगने चाचणीच थांबवली. जहाज नव्हे, चाचणी! राजा गुस्ताव अडॉल्फ लढाईवर होता, जहाज लवकर पाठवा म्हणून त्याची पत्रं येत होती. बुडाल्यावर चौकशी बसली, आणि शिक्षा कुणालाच झाली नाही. जहाज बांधणारा हेन्रिक आदल्या वर्षीच वारला होता. त्याच्या नावावर बरंच ढकलता आलं असावं, हा माझा अंदाज.

मी भाऊजींना बोलावून आणलं. ते बाकावर बसले होते, आले बिचारे. मी पट्ट्या दाखवल्या, अकरा आणि बारा. म्हटलं, "भाऊजी, यात सुताराची चूक सांगा." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पण तू विचारायला हवं होतंस." मी म्हटलं, विचारलं होतं. ते म्हणाले, "लेखी?"

तर तुमचा प्रश्न. ठेवा, पण शहरागणिक एकच ठेवा आणि त्याला अख्खा अर्धा दिवस द्या. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक असं करणाऱ्यांना काहीच आठवत नाही, फोटोतसुद्धा कुठलं कुठलं ते सांगता येत नाही. आणि सासऱ्यांनी आयुष्यभर काय काम केलं ते आधी विचारा, मग म्युझियम निवडा. शेतकरी असतील तर चित्रांच्या दालनात ताटकळत ठेवण्यापेक्षा वासापासून जवळच स्कान्सेन हे म्युझियम आहे. 1891 पासूनचं, जुनी घरं, गोठे, गुरं, सगळं उघड्यावर. मात्र चढ आहे. ज्याला नकोच आहे त्याला ओढून नेऊ नका, कॅफेत बसवा. जाऊबाई तिथेच बसल्या होत्या आणि आजही म्हणतात की सहलीतली सगळ्यात छान जागा ती.

वासाला लिफ्ट आहे, वरच्या मजल्यांवरून जहाज सगळ्यात चांगलं दिसतं. जहाजावर चढू देत नाहीत, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. लाकडासाठी आत गारवा ठेवतात, ऐन उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. शहरातल्या स्लुसेन भागातून फेरीबोट मिळते, ती घेतलीत की तुमची बोटीची हौसही त्यातच भागेल. अठरापर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही.

हे सगळं मी एका सहलीवरून सांगतेय. बाकी चार शहरांबद्दल माझ्या मताला अर्थ नाही, तिथे आम्ही भाऊजींच्या यादीप्रमाणे फिरलो.

परवा पुतणीच्या डोहाळजेवणाला परत विषय निघाला. भाऊजी म्हणाले, "हिच्यापायी..." आणि थांबले. मग म्हणाले, "स्वीडनमध्ये पण असंच झालं होतं म्हणे."