अमेरिका आणि कॅनडातील २११ हा दूरध्वनी क्रमांक कसा सुरू झाला, आणि अशी सेवा एखाद्या भागात उभी करायची तर नेमके काय करावे लागते?

निवारा, अन्नधान्य, समुपदेशन, थकलेल्या वीजबिलासाठी मदत अशा सेवा कुठे मिळतील हे सांगणारा २११ हा क्रमांक कसा ठरला, आणि काही स्थानिक संस्थांनी मिळून तशी सेवा सुरू करायची तर सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. अमेरिकेतील अशाच एका माहिती केंद्रात मी सेवासूची सांभाळण्याचे काम करतो, त्यामुळे माझे उत्तर काहीसे सूचीच्या बाजूने झुकलेले असेल. माझे मत आधीच सांगून टाकतो: सूचीचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे आणि क्रमांकासाठीचा अर्ज सर्वांत शेवटी करावा. बहुतेक जण नेमके याच्या उलट करू पाहतात.

आधी इतिहास थोडक्यात सांगतो. उत्तर अमेरिकेच्या क्रमांकन योजनेत शेवटी ११ असलेले तीन आकडी क्रमांक केवळ आठ आहेत. शून्य आणि एक या आकड्यांना तेथे वेगळे अर्थ असल्यामुळे पहिला आकडा दोन ते नऊ यांपैकीच असावा लागतो. त्यांपैकी ९११ हा १९६८ पासून आपत्कालीन मदतीसाठी वापरात आला, ४११ वर क्रमांकांची चौकशी होत असे, ६११ दूरध्वनी कंपनीच्या दुरुस्ती विभागाचा होता आणि ३११ हा १९९७ मध्ये पोलिसांकडील तातडी नसलेल्या कामांसाठी व इतर सरकारी सेवांसाठी राखला गेला. त्याच वर्षी अटलांटा येथील युनायटेड वे या संस्थेने २११ वर सामाजिक सेवांची माहिती द्यायला सुरुवात केली आणि १९९९ मध्ये कनेक्टिकटने ती संपूर्ण राज्यात नेली. दरम्यान १९९८ मध्ये या क्षेत्रातील संस्थांनी मिळून फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक आयोगाकडे अर्ज केला होता. त्यावर जुलै २००० मध्ये निर्णय झाला आणि २११ सामाजिक सेवांच्या माहितीसाठी, तर ५११ प्रवासाच्या माहितीसाठी, असे दोन क्रमांक देशभर राखले गेले. कॅनडात तेथील दूरसंचार आयोगाने ऑगस्ट २००१ मध्ये हाच क्रमांक याच कामासाठी दिला, टोरांटोत तो २००२ मध्ये सुरू झाला आणि संपूर्ण देशात पोहोचायला मात्र २०२० उजाडले.

अमेरिकेतील त्या निर्णयाचे दोन पैलू तुमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे क्रमांक कोणत्याही संस्थेच्या मालकीचा झाला नाही. तो एका कामासाठी राखला गेला, आणि पाच वर्षांनंतर त्याचा वापर कितपत होतो हे पाहिले जाईल, असेही आयोगाने बजावले. दुसरे म्हणजे संस्थेने मागणी केल्यावर कॉल जोडून देण्याची जबाबदारी दूरध्वनी कंपन्यांवर टाकली गेली, परंतु त्याचा आणि केंद्र चालवण्याचा खर्च कोणी उचलायचा हे आयोगाने ठरवले नाही. तो गुंता राज्यांच्या वाट्याला आला, आणि म्हणूनच एका राज्यात सरकारी निधीवर, दुसऱ्यात देणग्यांवर आणि तिसऱ्यात काउंटीच्या (म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय भागाच्या) कंत्राटावर चालणारी केंद्रे आजही दिसतात.

आता तांत्रिक बाजू पाहू. २११ लावल्यावर प्रत्यक्षात कॉल केंद्राच्या नेहमीच्या दहा आकडी क्रमांकावरच जातो. दूरध्वनी कंपनीचे एक्सचेंज तेवढा बदल मधल्या मध्ये करून देते. हे ऐकायला सोपे वाटते, पण ही सोय प्रत्येक कंपनीकडे स्वतंत्रपणे मागावी लागते. त्यात जुन्या स्थानिक कंपन्या, केबलवाल्या, मोबाइलच्या आणि इंटरनेटवरून दूरध्वनी देणाऱ्या अशा सगळ्या आल्या. एक्सचेंजच्या हद्दी आणि काउंटीच्या हद्दी कधीच तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे सीमेवरच्या गावातील कॉल शेजारच्या केंद्रात जाणार हे गृहीत धरून त्या केंद्राशी आधीच बोलणी करून ठेवावी लागतात. मोबाइलची अडचण निराळी आहे. माणूस राहतो एका राज्यात आणि त्याच्या फोनचा एरिया कोड असतो दुसऱ्याच राज्याचा. मानसिक संकटासाठीच्या ९८८ या क्रमांकाच्या बाबतीतही हाच प्रश्न आला होता आणि मोबाइलवरील कॉल अंदाजे ठिकाणावरून वळवण्याचा नियम तेथे २०२४ मध्ये करावा लागला, यावरून हे काम किती चिवट आहे याची कल्पना येईल.

याखेरीज कार्यालये, रुग्णालये आणि हॉटेले यांच्या अंतर्गत दूरध्वनी यंत्रणा असतात. तेथून २११ लावले की कधी काहीच होत नाही, तर कधी २११ क्रमांकाच्या खोलीतला फोन वाजतो. दूरच्या राज्यातून आपल्या वृद्ध आईवडिलांसाठी मदत शोधणाऱ्या मुलीचा कॉलही तिच्याच राहत्या भागातील केंद्राकडे जातो. म्हणून सर्व माहितीपत्रकांवर २११ च्या खाली एक दहा आकडी आणि जमल्यास एक टोल फ्री क्रमांक छापलाच पाहिजे, असा माझा आग्रह असतो. छपाई करणाऱ्यांना तो दिसायला बरा वाटत नाही, याची मला कल्पना आहे.

खरा वेळ आणि पैसा खातो तो सूचीचा भाग. सूची म्हणजे संस्थांची नावे आणि पत्ते नव्हेत. एखादे धान्यवाटप केंद्र महिन्यातून दोनच मंगळवारी उघडे असते, पत्त्याचा पुरावा मागते, ठरावीक पिनकोडमधील कुटुंबांनाच घेते आणि उन्हाळ्यात वेळ बदलते. या चारही गोष्टी नोंदीत नसतील तर दोन बसगाड्या बदलून तेथे पोहोचलेला माणूस बंद दारावरून परत येतो आणि पुन्हा आपल्याला फोन करत नाही. या क्षेत्रातील मानकांनुसार प्रत्येक नोंद वर्षातून किमान एकदा संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. व्यवहारात निवारे आणि भाड्यासाठी मदत देणाऱ्या संस्थांची माहिती त्याहून फार लवकर शिळी होते, कारण निधी संपला की योजना थांबते आणि ते कळवण्याची आठवण कोणालाच राहत नाही.

नोंदी भरण्यापूर्वी सूचीत कोणाला घ्यायचे याचे लेखी धोरण ठरवा. नफा कमावणारे दवाखाने घ्यायचे का? मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला बसायला लावणारी संस्था घ्यायची का? आपल्याच निधीदात्याची पण वारंवार तक्रारी येणारी संस्था वगळण्याची तुमची तयारी आहे का? हे प्रश्न नंतर व्यक्तींच्या नावानिशी येतात आणि मग निर्णय घेणे अवघड होऊन बसते. कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या निवाऱ्यांचे पत्ते गुप्त असतात. त्यांच्या नोंदीची केंद्राच्या आतली आणि संकेतस्थळावरची अशी दोन रूपे पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली पाहिजेत.

वर्गीकरण स्वतः तयार करण्याच्या फंदात पडू नका. लॉस एंजेलिसमध्ये विकसित झालेली मानवी सेवांची वर्गीकरण पद्धत अमेरिका आणि कॅनडातील बहुतेक केंद्रे वापरतात. तिच्यात धान्यवाटप केंद्रांना बीडी-१८००.२००० असा संकेतांक आहे, आणि अशाच संकेतांकांच्या आधारे शेजारच्या केंद्राशी नोंदींची देवाणघेवाण करता येते. हे संकेतांक रूक्ष वाटतात, पण ‘भाडे थकले आहे’ एवढेच सांगणाऱ्या माणसाला भाड्यासाठी आर्थिक मदत हवी आहे, घर रिकामे करण्याच्या नोटिशीविरुद्ध वकील हवा आहे, घरमालकाशी मध्यस्थी हवी आहे की आज रात्रीपुरता निवारा हवा आहे, हे चार वेगळे शोध आहेत हे त्यांच्यामुळेच लक्षात येते.

तो फरक ओळखणे हे फोन घेणाऱ्यांचे कौशल्य असते, आणि म्हणूनच त्यांना केवळ संगणकावर शोध घ्यायला शिकवून भागत नाही. त्यांनी शक्य तेथे एकाहून अधिक पर्याय द्यावेत, निवड फोन करणाऱ्यावर सोडावी, आणि बोलणे जीविताच्या धोक्याकडे वळले तर त्याला तसाच न सोडता स्वतः लाइनवर राहून ९११ किंवा ९८८ शी जोडून द्यावे, एवढी किमान अपेक्षा असते. दुभाष्याची व्यवस्था हवी. रात्रीपाळी छोट्या केंद्राला परवडत नाही. ती मोठ्या केंद्राकडे सोपवणे यात कमीपणा नाही. ज्या गरजेसाठी कोणतीच संस्था सापडली नाही ती गरजही नोंदवून ठेवावी, कारण कोणत्या भागात कोणती सेवा मुळातच नाही हे काउंटीला दाखवण्याचे त्याहून चांगले साधन केंद्राकडे नसते.

तुम्ही अमेरिकेतील भागाबद्दल विचारत असाल तर आणखी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घ्या. तेथील बहुतांश लोकसंख्या आज कोणत्या ना कोणत्या २११ केंद्राच्या कक्षेत आहे, आणि एका काउंटीतील हा क्रमांक सहसा एकाच केंद्राकडे वळवलेला असतो. तेव्हा नवे केंद्र काढण्याआधी तुमची काउंटी कोणाकडे आहे ते शोधा, तेथील सूचीप्रमुखांना भेटा आणि तुमच्या संस्थांच्या नोंदी शेवटच्या कधी तपासल्या गेल्या ते विचारा. त्या जुन्या निघाल्या तर त्या भागापुरती सूची अद्ययावत ठेवण्याचे काम तुम्ही लेखी कराराने अंगावर घेऊ शकता. त्यासाठी आयोगाची किंवा दूरध्वनी कंपनीची परवानगी लागत नाही, फक्त एक जबाबदार माणूस आणि त्याचा पगार लागतो.