थ्रीडी मॉडेल कॉम्प्रेस करताना तपशील नेमका कुठे जातो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. फोटोग्रामेट्रीने, म्हणजे अनेक फोटोंवरून, केलेलं मूर्तीचं मॉडेल वेबसाइटवर टाकायचं आहे आणि झिप करूनही फाईल फारशी उतरत नाही, तर प्रेडिक्टिव्ह एन्कोडिंगचा (पुढचा बिंदू कुठे असेल याचा अंदाज बांधून फक्त चूक साठवण्याचा) उपयोग होईल का? आणि त्यात कोरीवकामाचा तपशील जाईल का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते. अंदाज बांधून साठवण्यात काहीही जात नाही. जे जातं ते त्याच्या आधीच्या पायरीवर, क्वांटायझेशनमध्ये, म्हणजे आकडे ठराविक भागांवर गोल करण्यात, आणि किती जाऊ द्यायचं ते तुम्हीच ठरवता.

फाईल एवढी जड का होते? स्टॅनफर्ड विद्यापीठात 1994 साली स्कॅन केलेला तो प्रसिद्ध मातीचा ससा घ्या. त्यात 35,947 व्हर्टेक्स (त्रिकोणांचे कोपरे असलेले बिंदू) आणि 69,451 त्रिकोण आहेत. प्रत्येक व्हर्टेक्सचे एक्स, वाय, झेड 32 बिटच्या फ्लोटमध्ये (दशांश आकड्यात) ठेवले तर 12 बाइट लागतात. प्रत्येक त्रिकोणाचे तीन इंडेक्स, म्हणजे त्याच्या बिंदूंचे क्रमांक, तेही 12 बाइट. एकूण सुमारे 12 लाख 65 हजार बाइट, आणि त्यातले जवळजवळ दोन-तृतीयांश फक्त कोणता बिंदू कोणाला जोडलाय हे सांगण्यात खर्च होतात. झिप हुबेहूब तेच बाइट पुन्हा कुठे येतात ते शोधतं. स्कॅनमधल्या फ्लोटच्या शेवटच्या बिटांत अशी पुनरावृत्ती जवळपास नसतेच.

म्हणून पहिलं काम फ्लोटचे पूर्णांक करण्याचं. मॉडेलच्या सगळ्यात लांब बाजूचे समान भाग पाडायचे आणि प्रत्येक बिंदू जवळच्या रेषेवर सरकवायचा. 11 बिट दिले तर 2,047 भाग होतात. मूर्ती एक मीटर उंच असेल तर एक भाग अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक अक्षावर जास्तीत जास्त पाव मिलिमीटर चूक. 14 बिटला तोच भाग 0.06 मिलिमीटरवर येतो. तुमचा तपशील जातो तो इथे. यापुढे सगळा पूर्णांकांचा हिशेब, आणि तो जसाच्या तसा परत मिळतो.

आता अंदाज. एक त्रिकोण आधीच उलगडलेला आहे, त्याच्या एका कडेला लागून पुढचा त्रिकोण यायचा आहे. सामाईक कडेची टोकं (1040, 612, 305) आणि (1052, 630, 301), जुन्या त्रिकोणाचा तिसरा बिंदू (1035, 628, 310). दोन त्रिकोण मिळून समांतरभुज चौकोन होतो असं धरायचं: टोकांची बेरीज, वजा तिसरा बिंदू. अंदाज येतो (1057, 614, 296). खरा बिंदू समजा (1056, 615, 294) आहे. मग फाईलमध्ये फक्त (−1, 1, −2) लिहायचं. नुसता आधीच्या बिंदूपासूनचा फरक लिहिला असता तर (4, −15, −7) लिहावं लागलं असतं. पृष्ठभाग गुळगुळीत आणि त्रिकोणांची जाळी (मेश) दाट असेल तर असे फरक शून्याच्या आसपास गर्दी करतात, आणि वारंवार येणाऱ्या आकड्याला कमी बिट देणारं एन्ट्रॉपी कोडिंग त्यांना अगदी थोडक्यात बसवतं. उलगडणारा प्रोग्रामही तोच अंदाज त्याच बिंदूंवरून बांधतो, म्हणून चूक साचत जात नाही. मूळ फ्लोटवरून अंदाज बांधून नंतर फरक गोल केले असते तर मात्र ती साचली असती. ही समांतरभुजाची रीत टूमा आणि गॉट्समन या संशोधकांनी 1998 मध्ये मांडली, आणि इतकी साधी असूनही ती अजून वापरात आहे. मला ती फार देखणी वाटते.

जोडणीचं ओझंही असंच उतरतं. संशोधक रॉसिन्यॅक यांच्या एजब्रेकर या जोडणी साठवण्याच्या पद्धतीत जाळीवर एकेक त्रिकोण चालत जायचं आणि प्रत्येकासाठी पाचपैकी एक चिन्ह लिहायचं. नवा व्हर्टेक्स भेटला तर ‘सी’. व्हर्टेक्सची संख्या त्रिकोणांच्या साधारण निम्मी असते, म्हणून निम्मी चिन्हं ‘सी’च असतात. त्याला एक बिट आणि उरलेल्या चारांना तीन-तीन बिट दिले की सरासरी त्रिकोणामागे दोन बिट पडतात. आधी 96 लागत होते! शिवाय चालण्याचा हाच क्रम अंदाजाला लागणारा शेजारचा त्रिकोण आयता हाताशी देतो.

हे सगळं स्वतः लिहीत बसू नका. गूगलने 2017 मध्ये खुलं केलेलं ड्रॅको हे सॉफ्टवेअर हेच करतं आणि जीएलटीएफ या वेबवरच्या थ्रीडी फाईलमध्ये चालतं. पोझिशनला (बिंदूंच्या जागेला) 14 बिट देऊन सुरुवात करा, मग एकेक बिट उतरवत डोळे, बोटं, दागिने जवळून बघा. मूर्ती आणि तिची बैठक वेगळे मेश असतील तर सांध्यावर खास लक्ष द्या, कारण दोघांची चौकट वेगळी असल्याने क्वांटायझेशन वेगळं होतं आणि तिथे बारीक फट दिसू शकते. व्हर्टेक्सचा क्रमही बदलतो. त्या क्रमावर अवलंबून असलेला दुसरा डेटा असेल तरच त्याची काळजी करा.

फोटोग्रामेट्रीत मात्र खरी अडचण वेगळीच असते. पृष्ठभागावर स्कॅनचा खरखरीतपणा राहिला तर अंदाज चुकतच राहतात आणि त्या खरखरीसाठीच बिट खर्च होतात, तेव्हा तो आधी साफ करा. टेक्स्चरचे (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राचे) यूव्ही, म्हणजे चित्राचा कोणता भाग कुठे बसतो ते सांगणारे आकडे, बारीक बारीक तुकड्यांत फाटलेले असतील तर प्रत्येक शिवणीवर यूव्हीचा अंदाज तुटतो. थोडे आणि मोठे तुकडे पाडून घेतले की फरक दिसतो. आणि ड्रॅको चालवण्याआधी फाईलमध्ये मेश किती आणि टेक्स्चरची चित्रं किती ते वेगवेगळं मोजा. चित्रांना ड्रॅको हातही लावत नाही, आणि अशा मॉडेलमध्ये बऱ्याचदा बहुतेक वजन त्यांचंच असतं. तसं निघालं तर आधी टेक्स्चरचं रिझोल्यूशन उतरवा, मेशकडे नंतर वळा.