डब्यातल्या सात कुरडया

"आई जाऊन दोन वर्षं होत आली. एप्रिल लागला की अजून रडू फुटतं. माझं काही बिघडलंय का, मॅडम?"

समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो. कुणाचं दिवाळीच्या चकलीपाशी अडतं, कुणाचं लोणच्याच्या बरणीपाशी. या ताईंचं कुरडईपाशी अडलं होतं. (त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

चाळिशी ओलांडलेली, पुण्यात नोकरी, माहेर खानदेशात. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर स्टीलचा डबा, त्यात आईने शेवटच्या उन्हाळ्यात केलेल्या सात कुरडया. तळवत नव्हत्या, टाकवत नव्हत्या. "किडे होतील त्यात," असं नवरा एकदा म्हणाला आणि दोन दिवस अबोला झाला. "त्या संपल्या की आईच्या हातचं काहीच उरत नाही हो."

डब्याचं काय करायचं, ते मी सांगितलं नाही. त्या उन्हाळ्यांबद्दल विचारलं. आधी सगळं गोडगोडच आलं: गच्ची, अंथरलेली जुनी धोतरं, वाटीतला गरम चीक. इतकं गुळगुळीत चित्र समोर आलं की मी जरा सावध होते. म्हटलं, "मला कुरडई येत नाही. पहिल्या दिवसापासून सांगा." (खरंच येत नाही.)

मग त्या खुलल्या. गहू तीन दिवस भिजत. पाणी रोज बदलायचं, तरी आंबूस वास घरभर. मग वाटायचे, पिळायचे, चोथा वेगळा काढायचा, चीक रात्रभर ठेवून सकाळी वरची निवळ ओतून द्यायची. पहाटे आधणात मीठ, हिंग. चीक एकीने ओतायचा, दुसरीने न थांबता हाटायचं, नाहीतर गुठळ्या. ऊन चढायच्या आत सोऱ्याने सगळं घालून व्हायला हवं. पोरांना दूध-साखर घालून चीक मिळायचा आणि त्याच्या बदल्यात दिवसभर कावळे हाकायची ड्युटी.

"आणि आई खेकसायची. गुठळी झाली की माझ्यावरच. दुपारी कंबर धरून बसायची." त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "शेवटच्या वर्षी मीच फोनवर बोलले, कशाला करत बसतेस, विकत मिळतात आता. ती काहीच बोलली नाही. केल्या, आणि येणाऱ्याच्या हाती पाठवूनही दिल्या."

रडू कुरडईचं नव्हतं, या वाक्याचं होतं.

आता त्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. दोन वर्षांनी ठरावीक ऋतूत गलबलून येणं हा आजार नव्हे. 'लांबलेला शोक' असं एक वेगळं निदान आहे खरं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ते 2022 साली आलं. पण प्रौढांमध्ये वर्ष उलटल्याशिवाय ते करत नाहीत, आणि नुसतं रडू येणं त्याला पुरत नाही. जवळजवळ रोजची तीव्र ओढ किंवा मनातून न हटणारे विचार लागतात, आणि त्यापायी काम, नाती, रोजचं जगणं विस्कटलेलं असावं लागतं. तसं असेल तर जरूर तज्ज्ञाकडे जावं. या ताई नोकरी करत होत्या, हसत होत्या, मुलाच्या अभ्यासावरून भांडत होत्या. त्यांना हलवत होता तो शेजारच्या घरातून येणारा भिजल्या गव्हाचा वास. वासाची मेंदूतली वाट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपाशी फार लवकर पोचते. फोटो बघून कोरडे राहणारे डोळे वासाने भरतात ते म्हणूनच.

त्या वाक्याबद्दल मात्र मी माफीचं पत्र वगैरे लिहायला सांगितलं नाही. विचारलं, "चीक हाटायला दुसरी कोण असायची?" मावशी. "त्यांच्याशी बोललात कधी यावर?" नव्हत्या बोलल्या.

पुढच्या भेटीत आल्या त्या फोन करूनच. मावशी म्हणे हसतच सुटल्या: "अगं, मी तर दरवर्षी तिला हेच सांगायचे. ऐकलंय कधी तिनं कुणाचं?" पलीकडे मावशी आणि अलीकडे ताई, दोघी रडल्या मग. ते रडणं वेगळं होतं, असं त्या म्हणाल्या. वेगळं कसं, ते त्यांना सांगता आलं नाही आणि मी खोदलंही नाही.

जूनमध्ये एका रविवारी त्यांनी तीन कुरडया तळल्या. मुलगा पहिल्या घासालाच म्हणाला, "किती खारट!"

"आईचं मीठ नेहमीच चढं असायचं," मला सांगताना त्यांना हसू आवरेना. "विसरलेच होते मी."

चार अजून डब्यात आहेत. किडे होऊ नयेत म्हणून नवऱ्याने त्यात दोन लवंगा टाकून ठेवल्यात.