कार्डावरचे सदतीस नये पैसे

जुनी मेनूकार्डं जमवणाऱ्यांची आणि घरात अचानक सापडलेल्यांची पत्रं बरीच साचली होती. त्यातली सहा आज घेतो.

आजोबा १९३६ साली पी. अँड ओ. या इंग्रज जहाज कंपनीच्या बोटीने विलायतेला गेले होते. त्यांच्या ट्रंकेत बोटीवरची अकरा मेनूकार्डं निघाली. रद्दीवाला पन्नास रुपये म्हणतो, ओळखीचे एक गृहस्थ पन्नास हजार. खरं कुणाचं? (सातारा)

दोघांचंही नाही. मोठ्या बोटींवर छापखानाच असायचा. रोजचं जेवणाचं कार्ड तिथेच तारीख घालून छापत आणि प्रवासी ते आठवण म्हणून घरी नेत. त्यामुळे अशी कार्डं भरपूर टिकली. सुटं कार्ड इंग्लंडमध्ये आजही एका साध्या जेवणाच्या पैशांत मिळतं.

पण तुमची अकरा एकाच प्रवासातली आहेत. मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सैद अशी ओळीने असतील आणि सोबत तिकीट किंवा प्रवाशांची यादी असेल, तर संचाला वेगळी किंमत येते. म्हणून वाटणीत भावंडांना दोन-दोन देऊन मोकळे होऊ नका. आणि कार्डावर पेन्सिलीच्या खुणा आहेत का, ते आधी बघा. माझ्याकडच्या एका कार्डावर सूपपासून मटणापर्यंत सगळं खोडलंय. उरलेत फक्त उकडलेले बटाटे, भात आणि पाव. कुणी शाकाहारी माणूस तीन आठवडे कसा जगला असेल, ते त्या पेन्सिलीतून दिसतं. कोऱ्या करकरीत कार्डापेक्षा मी याला जास्त मोजेन.

कार्डावर साल नसेल तर वय कसं ठरवायचं? (डोंबिवली)

आधी दर बघा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपये-आणे-पै, त्यानंतर नये पैसे आणि १ जून १९६४ पासून नुसते पैसे. गंमत मधल्या काळातली. सोळा आण्यांचा रुपया आता शंभर नये पैशांचा झाला; सहा आण्यांचे हिशेबाने साडेसदतीस होतात, म्हणून कुठे ३७ नये पैसे छापले, तर दोन आण्यांच्या चहाचे १२. असले तिरपागडे दर दिसले की कार्ड १९५७ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं समजा. काही मालकांनी नवं कार्ड छापण्याऐवजी आण्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. त्या उचकटून बघायचा मोह टाळा; चिठ्ठीसकट कार्डच दुर्मीळ.

मग पत्ता. 'दादर, मुंबई २८' असेल तर बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं, कारण त्या दिवशी पिनकोड आला आणि त्याचं ४०० ०२८ झालं. सवयीने जुना आकडा छापणारेही होते, त्यामुळे एवढ्यावर पैज लावू नका. विमानाचं कार्ड असेल आणि त्यावर 'एअर इंडिया इंटरनॅशनल' असेल, तर ते १९६२ च्या आधीचं. त्या साली नावातलं 'इंटरनॅशनल' गेलं.

शेवटी हाताचं बोट. खिळ्यांची, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून केलेली छपाई असेल तर कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरांचा दाब बऱ्याचदा लागतो. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली आणि विकणारा १९२० म्हणत असला, तर लगेच विश्वास ठेवू नका. अतिनील टॉर्चही जवळ ठेवा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायचं चमकद्रव्य साधारण १९५० च्या सुमारास वापरात आलं. त्याचा कागद टॉर्चखाली निळसर पेटतो. पुण्याच्या जुन्या बाजारात मी 'संस्थानी मेजवानीचं' कार्ड घेतलं होतं, चहात बुडवून पिवळं केलेलं. घरी टॉर्च मारला तर कोपरे दिवाळीसारखे उजळले. आता टॉर्च खिशातच असतो.

टायटॅनिकचं मेनूकार्ड लाखोंना जातं, मग माझं शंभर वर्षांचं का नाही? (नागपूर)

टायटॅनिकच्या १४ एप्रिल १९१२ च्या दुपारच्या जेवणाचं एक कार्ड २०१५ मध्ये ८८ हजार डॉलरला गेलं. ते बोट हिमनगावर आदळली त्या दिवसाचं, आणि लाइफबोटीतून वाचलेल्या प्रवाशाजवळचं. ही किंमत त्या रात्रीची आहे, कागदाच्या वयाची नाही. आणि संकेतस्थळावर विक्रेत्याने टाकलेला आकडा म्हणजे नुसती इच्छा. 'विकलेल्या वस्तू' हा पर्याय निवडून प्रत्यक्ष सौदे कितीला झाले ते बघा.

कसर लागू नये म्हणून लॅमिनेशन करू का? मागे सालाची नोंद पेनाने केली तर चालेल? (चिपळूण)

दोन्ही नको. लॅमिनेशन कागदापासून सुटत नाही. मी तरुणपणी तीन कार्डं अशी स्वतःच्या हाताने मारली आहेत. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या, पीव्हीसीची नको. गंजक्या टाचण्या हळूच काढा, चिकटपट्टी लावू नका. तुमच्याकडच्या पावसाळ्यात कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा. नोंद वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने. न्यूयॉर्कच्या फ्रँक बटल्फ नावाच्या बाईंनी १९०० च्या सुमारापासून तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी पंचवीस हजारांवर मेनूकार्डं जमवली. बाई स्वच्छतेच्या कडक, पण कार्डांवर संग्रहाचा शिक्का मारायच्या. ग्रंथालयाला ते शोभतं, आपल्याला नाही.

मुलगी अमेरिकेत आहे, तिला जुनी कार्डं पाठवू का? (ठाणे)

पंच्याहत्तर वर्षांच्या आतलं असेल तर हरकत नाही. त्याहून जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतो आणि तो परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. शंका असली तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या.

जुनी मराठी मेनूकार्डं कुठेच कशी मिळत नाहीत? (पुणे)

कारण ती फारशी छापलीच गेली नाहीत. खाणावळीत ठरलेलं ताट. हॉटेलात भिंतीवर फळा, नाहीतर पोऱ्या एका दमात भजी-मिसळ-शिरा-उपमा म्हणून दाखवायचा. खडूचा मेनू रात्री पुसला जायचा. छापील कार्ड मुख्यतः साहेबी हॉटेलं, क्लब आणि रेल्वेच्या भोजनयानातलं, तेही बहुधा इंग्रजीत.

म्हणून 'मेनूकार्ड' हा शब्द जरा सैल करा. खाणावळीची महिन्याची कुपनं, चहाची बिलबुकं, पत्र्यावर रंगवलेल्या दरपाट्या, लग्नातल्या आचाऱ्याची सामानाची यादी, सगळं याच घराण्यातलं. हॉटेल बंद होतंय असं कळलं की मी मालकाला भेटून विचारतो. मागच्या वर्षी एकाने माळ्यावरून पाटी काढून दिली. 'उसळ' आणि 'पाव' यांच्यापुढचे आकडे इतक्यांदा रंगवलेले, की कडेला रंगाचे पापुद्रे मोजता येतात. मी सात मोजले. तळाशी चार आणे आहेत.