तारली हलकी, कोळंबी जड

प्रश्न : सुरमई, ट्यूना सोडून आम्ही तारली, शिंपले आणि कोळंबी खाऊ लागलो. अन्नसाखळीत खालचं खाल्लं की पर्यावरणावरचा भार कमीच ना?

उत्तर : तारली-शिंपल्यांपुरतं हो, कोळंबीचं बहुतेकदा उलट. साखळीच्या दर पायरीला सरासरी १० टक्केच ऊर्जा वर पोचते, हे खरं. पण समुद्रात पकडलेल्या माशांचा भार ठरतो मुख्यतः बोटीच्या डिझेलवर. तारलीचा थवा दाट असतो. एका वेढ्यात जाळं भरतं. कोळंबी तळाशी विखुरलेली. तिच्यासाठी जड ट्रॉल जाळं तासन्‌तास ओढावं लागतं, त्यात तळ खरवडला जातो आणि इतर माशांची पिल्लंही सापडतात. किलोमागे डिझेल तारलीच्या कित्येक पट! तळ्यातल्या कोळंबीला खाद्य आणि पाण्यात हवा खेळवायला वीज लागते. खारफुटी तोडून तळं केलं असेल तर हिशेब फारच बिघडतो.

दोरीवर वाढवलेले शिंपले आम्हाला सर्वांत पसंत. बाहेरचं खाद्य शून्य, प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पाण्यातूनच गाळून घेतात. मात्र पाणी दूषित असेल तर ती घाणही त्यांच्या अंगात साठते, म्हणून तपासलेल्या पाण्यातलेच घ्या. उघडा शिंपला टिचकी मारून मिटला नाही, तर टाकून द्या.

आणि विमानाने आलेलं ताजं टाळा. जहाजाने आलेलं गोठवलेलं बरं.